तेलगळतीचा आराखडा पावसाळा धरून लिहावा

मुंबईलगतच्या समुद्रातील मोठ्या अपघातांच्या तारखा एका कागदावर एकाखाली एक मांडल्या, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राच्या उत्तर प्लॅटफॉर्मवर ‘समुद्र सुरक्षा’ हे सेवा जहाज आदळले, आग लागली आणि २२ जणांचा बळी गेला. आदल्याच दिवशी शहर पाण्याखाली गेले होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. २०११ च्या जूनमध्ये ‘विस्डम’ आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी ‘पवित’ अशी दोन जहाजे जुहूच्या किनाऱ्याला येऊन रुतली, आणि त्यानंतर चारच दिवसांनी ६० हजार टन कोळसा घेऊन निघालेले ‘रॅक कॅरियर’ मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून ८० हून अधिक माणसे गेली. याला अपवाद आहेत. मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी जानेवारी २०११ मध्ये गळली, तर मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावरची डिझेलची टाकी ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून पेटली. तरीही यादीचा कल स्पष्ट आहे: मे महिन्याचा मध्य ते ऑगस्ट हा आपला धोक्याचा काळ आहे.

आपल्याकडचे बहुतेक आराखडे मात्र जानेवारीतल्या समुद्रासाठी लिहिलेले असतात. मुखपृष्ठावर निळे, संथ पाणी असते आणि त्यावर केशरी रंगाचे तरंगते कुंपण अर्धवर्तुळात छान पसरलेले असते. पावसाळ्यात एक-दीड मीटरच्या लाटांवर ते कुंपण टिकत नाही, तेल ओढून घेणारे यंत्र तेलापेक्षा पाणीच अधिक ओढते आणि लहान होड्या धक्क्यालाच बांधलेल्या राहतात. म्हणून मुंबईसाठी आराखडा लिहिताना समुद्रातले काम जवळपास शक्य होणार नाही असे गृहीत धरून किनाऱ्यावरच्या आणि खाडीतोंडाच्या कामाची तयारी आधी लिहावी, आणि हवा उघडी मिळाली तर समुद्रात काय करता येईल हे नंतर जोडावे. पुढचे विवेचन या क्रमाने केले आहे. मोठ्या बंदरांकडे आणि तेल कंपन्यांकडे जाडजूड आराखडे असतातच; हे लेखन लहान जेट्टी, जहाजदुरुस्तीचे कारखाने, मच्छीमार सहकारी संस्था आणि किनाऱ्यावरच्या प्रभागांत काम करणारे अधिकारी व नागरिक यांच्यासाठी आहे.

कोणाची हद्द, कोणाचे काम

राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा १९९६ पासून लागू आहे आणि त्यात भारतीय तटरक्षक दल हे केंद्रीय समन्वयक आहे. खुल्या समुद्रातले काम तटरक्षक दलाचे, बंदराच्या हद्दीतले त्या त्या बंदर प्राधिकरणाचे, समुद्रातील तेलविहिरींच्या भोवतालच्या ५०० मीटरमधले त्या कंपनीचे आणि किनारा साफ करण्याचे काम राज्य शासन व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, अशी ही विभागणी आहे. गळतीचे तीन स्तर मानले जातात: ७०० टनांपर्यंत पहिला, ७०० ते १० हजार टन दुसरा आणि त्यापुढे तिसरा. पहिल्या स्तराची साधने बंदराने किंवा तेल हाताळणाऱ्या संस्थेने स्वतः बाळगायची असतात.

या आकड्यांवर विसंबून नुकसानीचा अंदाज बांधू नये. २०१० मध्ये ‘चित्रा’तून सुमारे ८०० टन तेल सांडले असा अंदाज होता, म्हणजे ती गळती दुसऱ्या स्तराच्या उंबरठ्यावरच होती, तरी उरण, अलिबाग, घारापुरी, वाशीपर्यंतची तिवरे काळी पडली, पडलेल्या कंटेनरांमुळे मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली आणि शहरातल्या मासळी बाजारांत गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. स्तर हा साधने किती मागवायची हे ठरवण्यासाठी असतो, एवढेच.

तुमच्या आराखड्यात या विभागणीवर एक परिच्छेद पुरे, पण त्यासोबत एक नकाशा हवा. बंदराची हद्दरेषा नेमकी कुठून जाते, तुमच्या धक्क्यासमोरचे पाणी कोणाच्या हद्दीत येते आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल पाण्यात मोजायचा की किनाऱ्यात, हे त्या नकाशावर रंगवून घ्यावे आणि संबंधित कार्यालयाला आधीच दाखवून ठेवावे. हद्दीचा वाद तेल आल्यावर सुरू झाला, तर पहिली ओहोटी त्यातच संपते.

आपल्याकडे कोणते तेल सांडू शकते

पेट्रोल, नाफ्था यांसारखी हलकी तेले काही तासांत बहुतांश उडून जातात, पण त्यांची वाफ पेट घेते. अशा गळतीला कुंपण घालून ती एका जागी जमा करणे म्हणजे आगीची तयारी करणे होय. तिथे फक्त माणसे वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवायची, ठिणगी पडेल असे काम थांबवायचे आणि तेल विरळ होऊ द्यायचे. डिझेल मधल्या जातीचे आहे. खवळलेल्या पाण्यात ते बऱ्याच अंशी मिसळून जाते, मात्र उथळ खाडीत शिंपल्या-कालवांना मारते. जहाजांचे जड इंधन, म्हणजे फर्नेस ऑइल, हे खरे दुखणे आहे. ते उडत नाही, लाटांनी घुसळले गेले की पाणी शोषून तीन-चार पट फुगते आणि त्याचा तपकिरी, लोण्यासारखा लगदा होतो, जो पंपाने ओढता येत नाही. शंभर टन सांडले म्हणून शंभर टन उचलायची तयारी केली, तर पावसाळ्यात ती तयारी निश्चितच अपुरी पडते.

आपल्या धक्क्यावर किंवा समोरून ये-जा करणाऱ्या जहाजांत कोणते तेल, किती, कोणत्या टाकीत असते याची यादी करावी, आणि प्रत्येक तेलासाठी ‘अडवायचे की उडू द्यायचे’ हा निर्णय यादीतच लिहून टाकावा.

पाणी कसे वाहते ते स्वतः मोजा

हा भाग आराखड्याचा कणा आहे आणि नेमका तोच कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलेला आढळतो. तेल प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने जाते आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेने सरकते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा सहज वाहतो. त्याने तवंग ०.६ नॉटने, म्हणजे सहा तासांत सुमारे साडेसहा किलोमीटर, किनाऱ्याकडे ढकलला जातो. भरती-ओहोटीचा प्रवाह तवंगाला आत नेतो आणि बऱ्याच अंशी परत आणतो, पण वारा त्याला परत जाऊ देत नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेची तेलतवंगाच्या प्रवासाचा अंदाज देणारी सेवा आहे. तिचा उपयोग जरूर करावा, मात्र तो अंदाज हाती येईपर्यंतचे पहिले काही तास स्वतःच्या गणितावर काढावे लागतात.

खाडीच्या तोंडाशी प्रवाह किती जोराचा आहे हे मोजायला यंत्र लागत नाही. किनाऱ्यावर दहा मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात आणि वरच्या काठीशी एक सोललेला नारळ पाण्यात सोडावा. तो बहुतांश बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने फारसा ढळत नाही. (नारळी पौर्णिमेचा नारळ कोणत्या घळीत जाऊन लागतो हे कोळीवाड्यातली पोरेही सांगतात, त्यांना विचारण्यात कमीपणा नाही.) नारळाने दहा मीटर पार करायला २८ सेकंद किंवा त्याहून अधिक घेतले, तर प्रवाह ०.७ नॉटच्या आत आहे आणि तिथे बूम, म्हणजे खाली पडदा असलेले तरंगते कुंपण, प्रवाहाला आडवे लावले तरी चालते. नारळ दहा सेकंदांतच पुढे गेला, तर प्रवाह दोन नॉटचा आहे. आडव्या बूमखालून तेल निसटून जाईल आणि कुंपणामागे तवंग पाहून हात चोळत बसावे लागेल.

अशा ठिकाणी बूम तिरके लावावे लागते. दीड नॉटला प्रवाहाशी सुमारे २८ अंश, दोन नॉटला २० अंश, तीन नॉटला १३ अंश असा कोन धरतात, म्हणजे तेल अडत नाही, पण बूमच्या कडेने घसरत शांत पाण्याच्या कोपऱ्यात येते आणि तिथून ते उचलता येते. याचा खर्चावर होणारा परिणाम खरेदी करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही: शंभर मीटर रुंद खाडीतोंड २० अंशांत झाकायचे तर जवळजवळ तीनशे मीटर बूम लागते. रुंदीएवढेच बूम विकत घेऊन ठेवलेल्या जागा मी पाहिल्या आहेत.

ही मोजणी उधाणाच्या दिवशी, भर ओहोटीत करावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत जोरात असते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांतले आकडे फसवे असतात. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. ते दिवस पूर टाळण्यासाठी जाहीर होत असले, तरी तेलाच्या दृष्टीनेही तेच सर्वांत वाईट असतात: प्रवाह जोराचा, तेल नेहमीच्या रेषेच्या वर जाऊन बसणार, आणि नाल्यांच्या तोंडांतून समुद्राचे पाणी उलटे शहरात शिरणार. इर्ला, हाजी अली, लव्हग्रोव्ह अशा उदंचन (पावसाचे पाणी उपसणाऱ्या) केंद्रांपैकी आपल्या भागातले केंद्र कोणते, त्याचे दरवाजे कोणत्या भरतीला बंद होतात आणि तेल आल्यास तिथे कोणाला कळवायचे हे आराखड्यात असलेच पाहिजे.

आणखी एक बारीक बाब. भिंतीला बूमचे टोक पक्के बांधून ठेवले आणि पाणी चार मीटर खाली गेले, तर ते टोक हवेत लोंबकळते आणि खालून तेल मोकळे सुटते. भिंतीवर उभा लोखंडी रूळ बसवून त्यावर वरखाली सरकणारी कडी लावून घ्यावी. हे काम कोरड्या दिवसांतच होते.

काय वाचवायचे, काय सोडायचे

सगळा किनारा वाचवता येत नाही. किनाऱ्याची संवेदनशीलता १ ते १० अशा क्रमाने मांडण्याची रूढ पद्धत आहे. लाटा झेलणारा उघडा खडक तळाशी आणि तिवरांचे खाजण शिखरावर. वरळी किंवा वांद्र्याच्या खडकांवर बसलेले तेल पावसाळी लाटा काही आठवड्यांत-महिन्यांत घासून काढतात. जुहू, आक्सा, गिरगाव येथील वाळू माणसे लावून साफ करता येते. शिवडीच्या चिखलात किंवा ठाणे खाडीच्या तिवरांत मात्र तेल एकदा शिरले की ते वर्षानुवर्षे राहते, कारण तिवरांची श्वसनमुळे त्याने बुजतात आणि आत जाऊन साफ करणाऱ्याच्या पायांनीच ते तेल अधिक खोल दाबले जाते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळही आहे.

यातून एक अप्रिय निर्णय निघतो आणि तो शांत वेळी लिहून ठेवावा लागतो: तेल खाजणात शिरण्यापेक्षा ते एखाद्या वाळूच्या किनाऱ्यावर येऊ द्यावे, किंबहुना गरज पडल्यास बूमने त्या बाजूला वळवावे. पर्यटकांनी गजबजलेल्या चौपाटीवर मुद्दाम तेल येऊ द्या असे कोणीही अधिकारी ऐन वेळी, कॅमेऱ्यांसमोर म्हणणार नाही. ‘बळीचा किनारा’ कोणता, तो कोणी मान्य केला आणि कोणत्या तारखेच्या बैठकीत, हे कागदावर असेल तरच ते घडते. या यादीत ट्रॉम्बेच्या बाजूची, शीतकरणासाठी समुद्राचे पाणी ओढणारी ठिकाणे, माशांच्या पेठा असलेले ससून डॉक व भाऊचा धक्का आणि डोल जाळ्यांचे खुंट यांनाही क्रमांक द्यावेत.

डिस्पर्संट, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात विखरून टाकणारे रसायन, वापरण्याआधी तटरक्षक दलाची परवानगी लागते. ताज्या तेलावर आणि खोल पाण्यात ते उपयोगी पडते. लगदा झालेल्या फर्नेस ऑइलवर पडत नाही, आणि उथळ खाडीत तर तेल वरून काढून तळाच्या चिंबोऱ्या-निवट्यांच्या पुढ्यात टाकण्यासारखे आहे. धक्क्यावरचा तवंग दिसेनासा करण्यासाठी भांडी घासायचा साबण ओतण्याची युक्ती अनेकांना सुचते. ती आराखड्यात नाव घेऊन मना करावी.

पहिल्या तासातला निरोप

तवंग दिसला की तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. समुद्रात असाल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर. बंदराच्या हद्दीत असल्यास बंदराच्या नियंत्रण कक्षाला आणि शहराच्या बाजूने महापालिकेच्या आपत्ती कक्षाला १९१६ वर त्याच वेळी सांगावे. ‘खूप तेल आले आहे’ या निरोपाने कोणाचे काही ठरत नाही. कधी, कुठे, किती लांब-रुंद, कोणत्या रंगाचे, कोणत्या दिशेने सरकते आहे आणि कशातून येते आहे, एवढे सांगावे.

रंगाला महत्त्व आहे, कारण त्यावरून जाडी कळते. चंदेरी झिलई एक चौरस किलोमीटर पसरलेली असली, तरी तीत ४० ते ३०० लिटरच तेल असते. इंद्रधनुषी रंग दिसले तर ३०० ते ५ हजार लिटर, धातूसारखी एकसंध चमक असेल तर ५ हजार ते ५० हजार लिटर, आणि तेलाचा मूळ काळा-तपकिरी रंगच दिसू लागला तर त्याहूनही अधिक. म्हणून सबंध खाडीभर पसरलेली झिलई पाहून घाबरून जाण्यापेक्षा तिच्या कडेला असलेला लहानसा काळा पट्टा शोधावा. बहुतेक तेल त्यातच असते. निरीक्षण उंचावरून करावे, आणि पावसाळ्यात खाडीतून निघणारा गढूळ पाण्याचा पट्टा किंवा ढगाची सावली म्हणजे तवंग नव्हे हे नव्या माणसाला आधी दाखवून ठेवावे.

निरोप देणाऱ्यानेच, हातमोजे घालून, काचेच्या स्वच्छ बरणीत तेलाचा नमुना घ्यावा, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद लावावा, वेळ-ठिकाण लिहून ती अंधारात व थंड जागी ठेवावी. तेल कोणत्या जहाजाचे हे पुढे यावरून ताडून पाहता येते, आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यापेक्षा हा अधिक बोलतो.

किनाऱ्यावरची सफाई आणि तिचा कचरा

मुंबईत किनारा साफ करायला माणसे सहज जमतात. दर आठवड्याला वाळूतले प्लास्टिक उचलणारे गट इथे आहेत. तेलाच्या वेळी हीच तत्परता नीट बांधली नाही, तर अपाय करते. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाल्यावर विद्यार्थी, मच्छीमार आणि कर्मचारी बादल्यांनी काळा लगदा उपसत असलेली दृश्ये अनेकांनी पाहिली असतील. बादलीला नावे ठेवण्याचे कारण नाही; घट्ट लगद्यापुढे मोठी यंत्रे थकतात तेव्हा बादली आणि फावडेच कामाला येतात. पण उघड्या हातांनी ते काम करणाऱ्या माणसाचे संरक्षण ही आयोजकाची जबाबदारी आहे. ताज्या तेलाच्या वाफेत बेंझिनसारखे घातक घटक असतात. पहिल्या दिवशी स्वयंसेवकांना दूरच ठेवावे, वास उतरल्यावर नायट्राइलचे हातमोजे, गमबूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असतील त्यांनाच वाळूवर सोडावे, आणि दम्याचे रुग्ण, गर्भवती व मुले यांना अजिबात घेऊ नये.

वाळूवर काम ओहोटीत करायचे, आणि फक्त वरचा तेलकट थर खरवडायचा. जेसीबी बोलावण्याचा मोह फार होतो. त्याच्या चाकांखाली तेल फूटभर आत जाते आणि एक ट्रक तेलाऐवजी वीस ट्रक वाळू भरली जाते. गोण्या निम्म्याच भराव्यात, कारण तेलकट वाळूची भरलेली गोणी चिखलातून दोघांनाही उचलत नाही, आणि ओढताना फाटते. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी, नाही तर तेल चपलांबरोबर थेट रेल्वे स्थानकापर्यंत जाते. तिवरांमध्ये मात्र शिरू नये, फांद्या छाटू नयेत, गरम पाणी मारू नये. होडीतून समुद्राचेच पाणी कमी दाबाने फवारून, ओहोटीबरोबर तेल बाहेर आणून शोषक पट्ट्यांवर धरणे एवढेच तिथे योग्य आहे.

कचरा कुठे ठेवायचा हा प्रश्न पावसाळ्यात सगळ्यांत आधी अडवतो. गोळा होणारा ऐवज सांडलेल्या तेलाच्या कितीतरी पट असतो. उघड्या ड्रममध्ये तो ठेवला आणि रात्रभर पाऊस पडला, तर सकाळी ड्रम पाण्याने भरून तेल वरून वाहत परत समुद्रात गेलेले असते. म्हणून साठवणीची जागा उधाणाच्या रेषेच्या वर, खाली जाड प्लास्टिक आणि वर ताडपत्री अशी, आणि ट्रक येऊ शकेल अशा रस्त्यालगत आधीच नक्की करावी. मुंबईत समुद्रकिनारी मोकळी, ट्रक जाणारी, उंच जागा शोधून पाहा, म्हणजे हे काम गळतीच्या दिवशी का होत नाही ते कळेल. शुद्ध तेल, तेलकट वाळू, शोषक साहित्य आणि वापरलेले हातमोजे वेगवेगळे ठेवावेत. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा घातक कचरा आहे. तो देवनारला न जाता तळोजे येथील प्रक्रिया केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणीच जायला हवा, आणि त्यासाठीचा वाहतूकदार व कागदपत्रे आधी ठरलेली असावीत.

कंटेनर आणि रसायने

‘चित्रा’वरून सुमारे तीनशे कंटेनर समुद्रात पडले आणि जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशके होती. मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा-३’वर कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनर होते, पाणी लागले की त्यातून ॲसिटिलीन हा पेटणारा वायू निघतो. धान्याच्या कोठारात वापरतात ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओल लागताच विषारी फॉस्फीन सोडते. किनाऱ्याला लागलेला कंटेनर, पिंप किंवा डबा उघडू नये, हलवू नये, दोनशे मीटर लांब राहून दोरी लावावी, त्यावरचा क्रमांक दुर्बिणीने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने टिपून कळवावा. किनाऱ्यावर आलेला माल ज्याला सापडला त्याचा, ही समजूत कोळीवाड्यापासून झोपडपट्टीपर्यंत सर्वत्र आहे, आणि ती एका दिवसात जात नाही. मेगाफोनवर काय सांगायचे ती दोन वाक्ये मराठीत व हिंदीत आराखड्यातच लिहून ठेवावीत.

वादळाचा इशारा

तौक्तेच्या वेळी इशारा मिळाला नव्हता असे नाही. इशारा मिळाल्यानंतर तराफा कामाच्या जागीच नांगरून ठेवण्याचा निर्णय झाला आणि नांगर सुटल्यावर काहीच हाती उरले नाही. तुमच्या धक्क्याशी बांधलेल्या प्रत्येक बार्जसाठी आणि टगसाठी एक उंबरठा लिहावा: हवामान खात्याचा कोणता इशारा आला की माणसे उतरवायची, कोणत्या इशाऱ्याला इंधनाच्या झडपा बंद करायच्या, आणि हा आदेश मालकाच्या फोनची वाट न पाहता कोण देऊ शकतो. शेवटच्या प्रश्नापुढे एक हुद्दा नव्हे, दोन हुद्दे लिहिलेले असावेत.

मच्छीमारांची नोंदवही

नुकसानभरपाईचा दावा मच्छीमार संस्थांना सहसा पुराव्याअभावी हरावा लागतो. तेल टँकरच्या मालातून सांडले की इतर जहाजाच्या इंधनातून, यावर कोणता आंतरराष्ट्रीय करार लागू होतो ते ठरते. दुसऱ्या प्रकारात एक हजारांहून अधिक ढोबळ टनभाराच्या जहाजाला विमा सक्तीचा असतो. दोन्हींत नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत आणि घटनेपासून सहा वर्षांच्या आत दावा लागतो, आणि दोन्हींत विचारले जाते एकच: गळती नसती तर तुम्ही किती कमावले असते? पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असल्याने, ऑगस्टात तेल आले तर नुकसान हंगामाच्या सुरुवातीचेच होते आणि त्या वर्षीची विक्री दाखवायला काही नसते. म्हणून मागच्या तीन हंगामांच्या डिझेलच्या पावत्या, बर्फाच्या पावत्या, लिलावाच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक फेरीची नोंद तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, संस्थेकडे जमा करावी. मासळी विकणाऱ्या बायकांकडे पावत्या नसतात. संस्थेने त्यांच्यासाठी रोजच्या खरेदीची साधी वही चालू करून दर आठवड्याला त्यावर शिक्का मारला, तरी तो पुरावा होतो. तेल लागलेले जाळे फेकून देण्याआधी त्याचा फोटो काढावा, तुकडा कापून ठेवावा.

सराव पावसात करा

एका खासगी जेट्टीवर जुलै महिन्यात, न कळवता सराव घेण्याचा प्रसंग मला आला. आराखडा देखणा होता. बूम गोदामात होते, गोदामाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते कल्याणला राहत होते, आणि त्या सकाळी कुर्ला-ठाण्यादरम्यान रुळांवर पाणी होते. दुपारी किल्ली आली तेव्हा बूमच्या दोन तुकड्यांना उंदरांनी भोके पाडलेली होती. त्यानंतर मी प्रत्येक आराखड्यात एक तक्ता घालायला लावतो: लोकल बंद असताना पायी तासाभरात पोहोचू शकणारी माणसे कोण? ही यादी लांबलचक अधिकाऱ्यांच्या यादीपेक्षा फार वेगळी निघते; तीत बहुधा रखवालदार, क्रेनचालक आणि शेजारच्या कोळीवाड्यातली चार-पाच मंडळी असतात, आणि प्रशिक्षण त्यांनाच द्यावे लागते.

फोन क्रमांकांची यादी दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष फोन लावून तपासावी; बदली झालेल्या साहेबांचा क्रमांक ही या यादीतली कायमची वस्ती असते. सबंध आराखड्याचा सार एका पानावर, मराठीत, प्लास्टिकमध्ये बंद करून धक्क्यावर टांगावा. मोठी फाइल ऑफिसात राहू द्यावी.

सफाई कधी थांबवायची

हा शेवटचा निर्णय लिहून ठेवलेला नसेल, तर एक तर काम लवकर सोडले जाते किंवा कॅमेऱ्यांसाठी खडक घासत बसावे लागते. प्रत्येक प्रकारच्या किनाऱ्यासाठी थांबण्याची खूण वेगळी असते: चौपाटीवर हात फिरवला तर तेल लागू नये, खडकावर झिलई सुटू नये, खाजणात मोकळे तेल वाहताना दिसू नये, त्यापुढची स्वच्छता तिथे निसर्गावर सोडावी. पाहणी पुढच्या अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या उधाणानंतर करावी, कारण वर चढलेले तेल तेव्हाच खाली उतरते. आणि पुढच्या वर्षीच्या जूनमधली एक तारीख आत्ताच नोंदवून ठेवावी: पावसाळ्यातल्या लाटा वाळूचे थर कापतात तेव्हा मागच्या वर्षी पुरले गेलेले तेल पुन्हा उघडे पडते, आणि दर पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या, घट्ट झालेल्या तेलाच्या डांबरगोळ्यांपासून ते वेगळे ओळखायला त्या बरणीतला नमुना लागतो.